रिलोकेशनचं पॅकेज

बायकोला इंग्लंडात नर्सची नोकरी लागल्याचं पत्र आलं, तेव्हा त्या दोन पानांतला एकच शब्द आमच्या गावाला कळला. पॅकेज.

पत्र म्हणजे ई-मेल. आमच्या बाजारकुणंगला ई-मेल येतो, पण घरापर्यंत येत नाही. त्याला आणायला टेकडावर जावं लागतं. तिथे एका ठरावीक दगडावर उभं राहून फोन वर धरला की रेंजच्या दोन कांड्या येतात, आणि त्या जायच्या आत काय ते वाचून घ्यायचं. मी मोठ्याने वाचत होतो, बायको ऐकत होती, आणि खालून गुरं घेऊन चाललेले काका आपल्याला काही ऐकायचं नाही अशा चेहऱ्याने ऐकत होते. विमानाचं तिकीट, तिथल्या परीक्षेची फी, एक महिना राहण्याची सोय, या सगळ्याला मिळून 'रिलोकेशन पॅकेज' म्हटलं होतं. ते शब्द आले तसे काका थांबले. गुरंही थांबली.

"दहा का पंधरा?" काकांनी विचारलं.

काकांचा दोष नाही. आमच्या जोयडा तालुक्यात 'रिलोकेशन' हा शब्द शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक आहे, आणि त्याच्यामागून 'पॅकेज' येतं हेही. काळी व्याघ्र प्रकल्पातून आपखुशीने बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला पूर्वी दहा लाख होते, २०२१ मध्ये केंद्राने ती रक्कम पंधरा लाख केली. त्याच्या आधीच्या पिढीला धरणाने उठवलं. काळी नदीवर सुप्याला १०१ मीटर उंचीचं धरण बांधलं, तालुक्याचं गाव सुपा पाण्याखाली गेलं, कचेऱ्या जोयड्याला आल्या आणि माणसं रामनगरला गेली. थोडक्यात, आमच्याकडे माणूस जागचा हलतो तो पाण्यामुळे किंवा वाघामुळे. बायकोच्या नोकरीमुळे हलणारा मी पहिलाच.

"काका, हे वाघाचं नाही. दवाखान्याचं आहे."

"दवाखाना आपल्याला उठवतोय?"

"उठवत नाही, बोलावतोय."

"ते सगळे बोलावतोयच म्हणतात," काका म्हणाले आणि गुरं हाकलत पुढे गेले.

संध्याकाळपर्यंत गावात दोन गोष्टी पसरल्या. एक, आम्हाला पंधरा लाख मिळाले. दोन, आम्ही ते लपवतोय.

रात्री काका अंगणात येऊन बसले आणि वाटाघाटीला सुरुवात केली. पॅकेजच्या वाटाघाटींत काकांचा हात धरणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत नाही. अधिकारी येऊन बसले की काका आधी पाणी देतात, मग चहा, मग अटी. "जमीन किती?" त्यांनी विचारलं. जमीन नाही, मी म्हटलं. "घर?" एक महिना खोली, नंतर आपली आपण शोधायची. "देवाची जागा?" ती पत्रात नाही. "गुरांचं काय?" मी गप्प. "आणि तू तिथे कोण?"

हा प्रश्न मी टाळत होतो. बायकोच्या व्हिसावर माझं वर्णन 'डिपेंडंट' असं होतं. मी ते 'सोबत जाणारा' असं सांगून पाहिलं. काकांनी क्षणभर विचार केला.

"म्हणजे घरजावई," ते म्हणाले. "पण सासऱ्याचा नाही, सरकारचा."

*

आम्हाला जायचं होतं त्या गावाचं नाव ईस्टबोर्न. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, समुद्राला लागून. आई म्हणाली, समुद्र म्हणजे कारवारसारखंच ना, मग ठीक आहे. आता आमचा आणि समुद्राचा संबंध सांगायला हवा. उत्तर कन्नड जिल्ह्याला लांबलचक किनारा आहे, आणि आमच्याच भागात दिग्गीजवळ उगम पावलेली काळी १८४ किलोमीटर चालून कारवारला त्या समुद्राला मिळते. नदी जाते, आम्ही जात नाही. आम्ही अणशी घाट उतरून कारवारला जातो ते जिल्हा कचेरीत काम निघालं तरच. त्यामुळे आमच्या गावात समुद्र म्हणजे कारवार आणि कारवार म्हणजे दाखला. मी आयुष्यात चार वेळा समुद्र पाहिला होता, चारही वेळा हातात झेरॉक्सची पिशवी होती.

ईस्टबोर्नच्या किनाऱ्यावर पहिल्या दिवशी गेलो तेव्हाही सवयीने कागद बरोबर घेतले होते.

त्या किनाऱ्यावर वाळू नाही. गोटे आहेत. मुठीएवढे, अंड्याएवढे, सुपारीएवढे, सगळे गुळगुळीत, मैलभर. डांबराची वाट बघत पडलेल्या खडीच्या रस्त्यावरून चालायचा मला जन्माचा सराव, त्यामुळे पाय लगेच रुळले. इंग्रज मात्र ते गोटे तुडवत, तोल सावरत, ओय ओय करत पाण्यापर्यंत जातात, पाण्यात पाऊल घालतात, किंचाळतात आणि तसेच ओय ओय करत परत येतात. याला ते सुट्टी म्हणतात. कामगारांचा कैवारी फ्रेडरिक एंगल्ससुद्धा सुट्टीला इथेच यायचा. त्याची रक्षा १८९५ मध्ये इथल्याच समुद्रात सोडली. त्या गोट्यांवर चालताना जगातल्या कामगारांनी एक व्हावं असं कोणालाही वाटेल, निदान हात धरण्यापुरतं तरी.

दुसरी गंमत भरती-ओहोटीची. कारवारला पाणी चढतं-उतरतं ते दोनेक मीटर. इथे उधाणाला सहा मीटरच्या वर जातं. सकाळी पाहिलेला समुद्र दुपारी जागेवर नसतो. मी काकांना सांगितलं, की इथलं पाणी दिवसातून दोनदा वर येतं आणि दोनदा परत जातं.

"परत जातं?" काकांनी पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. सुप्याचं पाणी एकदा आलं ते आलं. आलेलं पाणी परत जातं ही त्यांना इंग्रजांच्या राज्यातली पहिली बरी गोष्ट वाटली.

*

महिना संपत आला आणि भाड्याने खोली बघायची वेळ आली. घरं दाखवणारा पोरगा सुटाबुटात होता आणि त्याच्या बुटांचं टोक इतकं निमुळतं होतं, की त्याने सुरण सहज उकरता आला असता. त्याने माझ्यापुढे फॉर्म ठेवला. मागच्या तीन वर्षांचे पत्ते लिहा, आणि मागच्या घरमालकाचं शिफारसपत्र जोडा.

मागचा घरमालक म्हणजे माझे आजोबा. ते वारल्याला तीस वर्षं झाली. मी तसं सांगितल्यावर त्याने "आय अ‍ॅम सो सॉरी" म्हटलं आणि त्यांचा ई-मेल आहे का असं विचारलं.

त्या रात्री काकांना हे सांगितलं तेव्हा ते हसतील असं वाटलं होतं. ते हेव्याने म्हणाले, "तीनच वर्षं?"

२००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीबाहेरच्या वनवासींना तीन पिढ्यांच्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. गोव्यातल्या कुणब्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीत घेतलं. आमचे कुणबी सरहद्दीच्या अलीकडे राहिले, म्हणून त्यांना पंच्याहत्तर. काकांच्या ट्रंकेत त्याचं गाठोडं आहे. फाळ्याच्या पावत्या, शाळेचे दाखले, वाळवीने कडा कुरतडलेला एक कागद ज्याच्यावर काय लिहिलंय ते कोणालाच वाचता येत नाही आणि म्हणून तो सगळ्यात महत्त्वाचा. त्या कायद्यात एक चांगली सोय आहे. कागद नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाबही पुराव्यात धरतात.

"मग त्या पोराला फोन दे," काका म्हणाले. "मी जबाब देतो. म्हणावं, आमचाच मुलगा आहे, आजाही माहीत आहे, पणजाही माहीत आहे. भाडं बुडवणार नाही."

शेवटी बायकोच्या पगाराच्या कागदावर खोली मिळाली. घरजावयाला सही करायची एक जागा ठेवली होती, तळाला.

*

मी गावाकडे मराठी शाळेत अतिथी शिक्षक होतो. अतिथी शिक्षक म्हणजे वर्षानुवर्षं तिथेच असूनही ज्याला दर जूनमध्ये नव्याने यावं लागतं असा माणूस. इथे मला काम मिळालं ते एका अतिथीगृहाच्या स्वयंपाकघरात. माझ्या नशिबातला अतिथी काही सुटत नाही. काम बटाटे सोलायचं.

इंग्रज बटाटा किती खातो हे सोलल्याशिवाय कळत नाही. तळून, उकडून, भाजून, कुस्करून. एकदा मुख्य आचाऱ्याला मी म्हटलं, आमच्याकडे जोयड्याला थंडीत कंदांचा मेळा भरतो. कुणबी बायका टोपल्या घेऊन येतात. करांदे, कणग्या, कोन, सुरण, किती तरी जाती. काही माणसाच्या हाताएवढे, काही हत्तीच्या पायाएवढे. काही वेलाला वर लोंबतात, काही जमिनीत पुरुषभर खोल जातात आणि ते काढणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. एक राखेत भाजायचा, एक आमसुलं घालून शिजवायचा, एक नीट उकडला नाही तर घशाला खाजवतो. मी पाच मिनिटं बोलत होतो. आचाऱ्याने फार मन लावून ऐकलं.

"म्हणजे बटाटेच," तो म्हणाला.

माझं मत त्या दिवशी कायमचं बनलं. ज्या देशाला एकच कंद ठाऊक, त्याने अर्ध्या जगावर राज्य केलं हा निव्वळ आरमाराचा प्रताप.

माशांचीही तीच गत. फिश अँड चिप्स इथे समुद्राकाठचं पक्वान्न. पिठात घोळून तळलेला कॉड, बाजूला बोटाएवढे जाड बटाटे, वर मीठ आणि व्हिनेगर. आम्ही पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे धरणारे. काकांना फोटो पाठवला. मेसेज टेकडावर पोचायला दोन दिवस लागले. उत्तर आलं : डोकं नाही, काटा नाही, शेपूट नाही. मासा कशावरून?

तो मासा असल्याची खात्री मला एका पक्ष्याने करून दिली. एका दुपारी ते खोकं घेऊन मी किनाऱ्यावरच्या बाकावर बसलो. शेजारी एक आजी, पांढरे केस, गुडघ्यावर घोंगडी. मी पहिला तुकडा तोंडाजवळ नेला आणि मागून कानाजवळ फडफड झाली, सूप पाखडावं तशी. पुढच्या क्षणी माझी बोटं एकमेकांना चिकटलेली होती आणि मधला मासा नव्हता. समोर कठड्यावर सीगल बसला होता. कोंबड्यापेक्षा मोठा, पिवळी चोच, चोचीवर तांबडा ठिपका जसा काही कुंकवाचा. तो मासा त्याने अख्खा गिळला. गळ्यातून खाली जाताना दिसला. मग माझ्याकडे मान वाकडी करून पाहिलं, चिप्स कधी सोडतोयस असं.

"तो इथलाच आहे," आजी समजुतीने म्हणाल्या.

म्हणजे त्याच्याकडे पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा असणार. मी मुकाट्याने चिप्स झाकल्या.

त्या पक्ष्याला हात लावायची सोय नाही. १९८१ च्या कायद्याने तो, त्याचं घरटं, त्याची अंडी, सगळ्यांना संरक्षण आहे. मला घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडे रात्री गवा भातात शिरतो तेव्हा १९७२ चा कायदा त्याच्या बाजूने असतो आणि आम्ही माळ्यावर बसून पत्र्याचे डबे बडवत असतो. एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये चिप्सची पिशवी ठेवून प्रयोग केला, त्यात असं दिसलं की माणूस एकटक बघत राहिला तर सीगल जवळ यायला जास्त वेळ लावतो. हे मात्र आमच्या उलट. गावाकडे माकडाच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही हे पोरांना चालायच्या आधी शिकवतात. म्हणून मी हल्ली किनाऱ्यावर जेवतो ते सीगलकडे डोळे वटारून. येणारे-जाणारे लोक जरा लांबून जातात.

"नुकसानभरपाई मिळते का?" काकांनी विचारलं.

"चिप्सची?"

"अर्ज तर करून ठेव," काका म्हणाले.

*

पावसाबद्दल मी फार बोलणार नाही, कारण इथे दुसरं कोणी काही बोलतच नाही. ईस्टबोर्नला वर्षभरात पडतो आठशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्या तालुक्यात कॅसलरॉककडे तेवढा एका जुलैत पडून वर उरतो. इथली भुरभुर आम्ही पाऊस म्हणून धरणारच नाही. ओटीवर वाळत घातलेली मिरचीही कोणी त्यासाठी आत घेणार नाही. पण वारा! तो समुद्रावरून आडवा येतो आणि छत्रीचं फूल करतो. पहिल्या महिन्यात माझ्या दोन छत्र्या गेल्या. लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर जे इरलं असतं, बांबूचा सांगाडा आणि वर पानं, ते या किनाऱ्यासाठीच बनवलेलं आहे असं माझं ठाम मत आहे. फक्त इंग्रजाने वाकून चालायला हवं, आणि तेवढं तो वाकणार नाही.

घड्याळाचं काकांना अजून पटलेलं नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथे सगळे घड्याळ तासभर पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. "सरकार सांगतं आणि सूर्य ऐकतो?" असं ते म्हणाले. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडतो, हे ऐकल्यावर त्यांनी असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर मला इथे कोणीच देऊ शकलं नाही : मग कोंबड्या कधी कोंडतात?

एका सुट्टीला बायको म्हणाली, ब्रायटनला जाऊ. आगगाडीने पाऊणएक तास. मराठी माणसाला ब्रायटन म्हटलं की सावरकर आठवतात. १९०९ साली याच किनाऱ्यावर त्यांना ती समुद्राला उद्देशून लिहिलेली कविता सुचली. मी पाण्याकडे तोंड करून उभा राहिलो आणि आत काही हलतंय का ते पाहत होतो. हललं ते खिशातलं. फोन वाजत होता. काका टेकडावर चढले होते आणि विचारत होते, म्हशीला औषध कोणतं द्यायचं, बायकोला विचारून सांग.

बायकोला मात्र बघायची होती ती रॉयल पॅव्हेलियन, घुमटाघुमटांची राजाची हौस. १९१४ पासून पहिल्या महायुद्धात तिथे हिंदुस्थानी शिपायांचं रुग्णालय होतं. कोणाचा धर्म बाटू नये म्हणून नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरं, हिंदूंना आणि मुसलमानांना पाण्याचे नळ वेगळे. ती फार वेळ त्या दालनातले खाटांचे जुने फोटो पाहत राहिली. नर्स खाटांकडे वेगळ्या नजरेने बघते. दोन खाटांमध्ये अंतर किती, सलाइनला खुंटी कुठे. "तेव्हा आपली माणसं खाटेवर होती," ती म्हणाली. मग घड्याळ पाहिलं. तिला रात्रपाळी होती.

*

ईस्टबोर्नमध्ये चौघांतला एक माणूस पासष्टीच्या पुढचा आहे. आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ ब्याऐंशीचे. जन्म लंडनचा, नोकरी लंडनची; निवृत्त झाल्यावर घर विकून इथे आले, समुद्र दिसावा म्हणून. रोज सकाळी खुर्ची खिडकीशी ओढतात. मी काकांना त्यांच्याबद्दल सांगितलं.

"त्यांना कोणी उठवलं?" काकांनी विचारलं.

"कोणी नाही. आपणहून आले."

"धरण?"

"नाही."

"वाघ?"

"काका, इंग्लंडात वाघ नाहीत."

"मग पॅकेज किती मिळालं?"

"मिळालं नाही. उलट स्वतःचे पैसे घातले."

पलीकडून आवाज येईना. मला वाटलं रेंज गेली. हॅलो हॅलो केलं. मग बऱ्याच वेळाने काका हळूच म्हणाले, "त्या माणसाला सांभाळून घ्या रे. त्याला मुलंबाळं आहेत ना?"

परवा बायकोने नेमणुकीचं पत्र पुन्हा काढलं. शेवटच्या पानावर एक कलम आहे, जे टेकडावर वाचायचं राहून गेलं होतं कारण तेवढ्यात कांड्या गेल्या होत्या. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडून परत गेलात तर पॅकेजचे पैसे फेडावे लागतील. काकांना हे सांगितलं. त्यांनी आधी कलम पुन्हा वाचायला लावलं, मग हिशेब मांडला.

"म्हणजे पैसे दिले की परत येता येतं?"

"हो."

"कागदावर आहे तसं?"

"सहीशिक्का आहे."

"मग चांगलं आहे तुझं पॅकेज," काका म्हणाले. "आमच्यात पैसे घेतले की परत यायचं नाही. कागदावर आहे तसं."

मला वाटतं त्या दिवसापासून काकांनी मला माफ केलं. पंधरा लाखांचा विषयही पुन्हा निघालेला नाही.

आता एक काम. गोव्याहून किंवा बेळगावहून ससेक्सच्या या बाजूला कोणी येणार असेल, तर येताना आमसुलं आणावीत. कंद आणू नका. ताज्या कंदांना विमानतळावर सरकारी दाखला लागतो, आणि तो दाखला कारवारला मिळाला तरी एवढ्यासाठी मी कोणाला अणशी घाट उतरायला सांगणार नाही. आमसुलं पाव किलो पुरे. बाकी इथे बटाटे आहेत.